कर्ता नसलेले नागरिकशास्त्र

शालेय पाठ्यपुस्तकांची समीक्षा आपल्याकडे कोणी गांभीर्याने करीत नाही. कथा-कादंबरीवर पानेच्या पाने लिहिणारा समीक्षक नागरिकशास्त्राच्या पुस्तकाकडे ढुंकूनही पाहत नाही. वास्तविक १९६७ साली बालभारती स्थापन झाल्यापासून महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द प्रथम वाचले ते या पुस्तकांत. ज्या घरात दुसरे छापील पान नव्हते त्या घरातल्या मुलाने तर ते केवळ तिथेच वाचले. म्हणून या गद्याला साहित्याचीच कसोटी लावली पाहिजे. लोकशाही मूल्ये आणि मानवी हक्क यांचा पाठ काय सांगतो एवढे तपासून भागणार नाही. तो कोणत्या वाक्यात सांगतो, हेही पाहिले पाहिजे.

हे वाक्य साधारणतः एका ठरलेल्या वळणाचे असते. अस्पृश्यता पाळली जात असे. काही समाजघटकांना शिक्षणापासून वंचित ठेवले गेले. पाणवठे सर्वांना खुले नव्हते. या वाक्यांतले काहीही खोटे नाही. पण पाळली कोणी? वंचित कोणी ठेवले? पाणवठ्यावर काठी घेऊन कोण उभे होते? वाक्य त्याबद्दल मौन बाळगते. आता याच विद्यार्थ्याच्या इतिहासाच्या पुस्तकातले दुसऱ्या वळणाचे वाक्य घ्या : इंग्रजांनी मिठावर कर लादला. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही कर्मणी प्रयोगच. पण एकात कर्ता तृतीयेत का होईना हजर आहे. दुसऱ्यात 'कडून' लावून त्याला आणता आले असते, तरी तो आणलेला नाही. परकीयाच्या जुलमाला कर्ता मिळतो, स्वकीयाच्या जुलमाला मिळत नाही. त्यामुळे अस्पृश्यता ही दुष्काळासारखी किंवा पटकीच्या साथीसारखी कुठून तरी आली आणि संविधान लागू होताच निघून गेली, अशी मुलाची समजूत होते. ती त्याची चूक नव्हे. वाक्यानेच त्याला तसे शिकवले आहे.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना सतराव्या अनुच्छेदाविषयी चार ओळी लिहायला सांगितल्या की बहुतेक वह्यांत एकच वाक्य येते : अस्पृश्यता नष्ट करण्यात आली. त्यानंतर मी आपल्या गावातल्या स्मशानभूमीविषयी लिहायला सांगतो. मग वर्ग गप्प होतो. काही मुले खाली बघतात, काही एकमेकांकडे बघतात. कारण गावात स्मशाने किती आणि कोणाचे कुठे, हे प्रत्येकाला ठाऊक असते. पहिले वाक्य परीक्षेचे आणि दुसरे गावचे. दोन्ही एकाच डोक्यात शेजारी शेजारी राहतात, आणि शाळेच्या दहा वर्षांत त्यांची गाठ कोणी घालून दिलेली नसते.

संविधानाची आणि कायद्याची भाषा अशी नाही, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे. सतरावा अनुच्छेद अस्पृश्यता नष्ट झाल्याचे सांगून थांबत नाही. तिचे कोणत्याही स्वरूपातले आचरण तो निषिद्ध ठरवतो, आणि तिच्यातून उद्भवणारी निःसमर्थता लादणे हा शिक्षेस पात्र अपराध असल्याचे बजावतो. अपराध म्हटला की अपराधी आला. १९५५ चा अस्पृश्यताविषयक कायदा (१९७६ पासून तो नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो) आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा या दोहोंतली अपराधाची कलमे 'जो कोणी' या अर्थाच्या शब्दांनी सुरू होतात. कायद्याला कर्ता लागतो; त्यावाचून त्याचे पाऊल पुढे पडत नाही. त्याच कायद्याचा परिचय करून देणारा शालेय पाठ मात्र कर्त्याला दाराबाहेर ठेवतो.

जुलमाच्या वाक्यात जे होते तेच हक्काच्या वाक्यात होते. संविधानाने आपल्याला हक्क दिले, असे मूल घोकते. देणारे संविधान आणि घेणारे आपण. म्हणजे हक्क हे बक्षीस झाले आणि नागरिक हा लाभार्थी. महाडचा इतिहास काय सांगतो? १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचे ठरले. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. हक्क कागदावर देऊन झाला होता, तरी कोणाच्या ओंजळीत पाणी पडले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेबांबरोबर हजारो माणसे तळ्यापर्यंत चालत गेली आणि पाणी प्याली. या वाक्याला कर्ता आहे, आणि तो आपल्या पायांनी चाललेला आहे. त्याच दिवशी सवर्णांनी परतणाऱ्या लोकांवर हल्ला केला आणि पुढे तळ्याचे 'शुद्धीकरण' केले, यालाही कर्ता आहे. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. ठराव, चाल, हल्ला, खटला आणि निकाल ही सगळी साखळी शिकवणे म्हणजे मानवी हक्क शिकवणे. हिच्यातली पहिली आणि शेवटची कडी तेवढी दाखवली तर मुलाला वाटते की हक्क सरकारी कचेरीत तयार होतात.

कर्ता सांगून लिहिणे मुलांना झेपणार नाही, असे कोणी म्हणेल. त्यासाठी मराठीतलाच पुरावा आहे. १८५५ साली 'ज्ञानोदय'च्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. ती पुण्यातल्या जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मांगाची मुलगी. तिने काय केले? वेद जर केवळ ब्राह्मणांचे, तर आमचा धर्म कोणता, असा सरळ प्रश्न तिने विचारला. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यावरून जाणाऱ्या मांग-महाराचे काय होई ते तिने लिहिले, आणि बाजीरावाचे नाव घेऊन लिहिले. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्परही नसते, हे तिने पंडितांना सुनावले. या निबंधातले दुःख अनाथ नाही. ते कोणी दिले हे तिथे सांगितले आहे, आणि जाब ज्याला विचारायचा त्यालाच विचारला आहे. माझ्या मते मराठी शाळेने घडवलेला मानवी हक्कांचा हा पहिला महत्त्वाचा धडा होय, आणि तो पाठ्यपुस्तक मंडळाने लिहिलेला नसून विद्यार्थिनीने लिहिला आहे. ज्या शाळेने तिला असे लिहू दिले त्या शाळेचे शिक्षणशास्त्र काय होते, याचा अभ्यास आपल्या अध्यापक विद्यालयांनी करायला हवा.

पुढे सव्वाशे वर्षांनी दलित आत्मकथनांनी हाच वारसा उचलला. 'बलुतं' १९७८ साली आले, 'आठवणींचे पक्षी' १९७९ साली, 'उपरा' १९८० साली, 'अक्करमाशी' १९८४ साली. या पुस्तकांत शाळा पुन्हा पुन्हा येते. 'अक्करमाशी'त शाळेची सहल जाते. सवर्ण मुले एकीकडे जेवतात, महारांची मुले दुसरीकडे, आणि उरलेसुरले अन्न त्यांच्याकडे येते. दुसऱ्या दिवशी शाळेत सहलीवर निबंध लिहायला सांगतात. त्या मुलाला निबंधाची सुरुवात सुचत नाही. सुचणार कशी? शाळेला हवा असलेला निबंध झाडे, पाखरे आणि आनंद यांचा असतो. जे घडले ते लिहायला शाळेच्या भाषेत जागाच नसते.

आज आत्मकथनांतले उतारे शाळा-महाविद्यालयांत शिकवले जातात, याचा आनंद आहे. पण वर्गात त्यांचे काय होते ते पाहा. लेखकाची जिद्द स्पष्ट करा. प्रतिकूल परिस्थितीवर लेखकाने कशी मात केली ते लिहा, अशा वळणाचे प्रश्न खाली येतात. जातीची 'गरिबी' होते, अन्यायाची 'परिस्थिती' होते आणि विद्रोहाची 'चिकाटी' होते. कर्ता असलेल्या पुस्तकातून कर्ता काढून घेण्याचे काम स्वाध्याय करतो. आत्मकथन नाकारण्याची गरजच मग उरत नाही. ते पचवले की झाले.

राष्ट्रीय पातळीवर एक वेगळा प्रयत्न झाला होता, त्याची दखल घेतली पाहिजे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर एन. सी. ई. आर. टी. ने सहावी ते आठवीचे नागरिकशास्त्र हे नावच बदलून 'सामाजिक आणि राजकीय जीवन' अशी पुस्तके काढली. सहावीच्या पुस्तकात बालपणीच्या भीमरावाचा तो रेल्वे स्टेशनावरचा प्रसंग होता. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरतो तो. सातवीच्या पुस्तकात ओमप्रकाश वाल्मीकि होते, ज्यांना मुख्याध्यापकाने शाळा झाडायला लावले. स्टेशनमास्तर, मुख्याध्यापक : इथे कर्ता वर्गात आला होता. केंद्रीय मंडळाच्या आपल्याकडच्या शाळांतही ही पुस्तके चालली. २०२२ च्या काटछाटीत दहावीच्या राज्यशास्त्रातली लोकशाही आणि विविधता, जनसंघर्ष आणि चळवळी, लोकशाहीपुढील आव्हाने ही तीन प्रकरणे गेली. २०२४ साली सहावीचे पुस्तकच बदलले आणि तो स्टेशनमास्तर पुस्तकातून बाहेर पडला. कारण अभ्यासाचे ओझे कमी करण्याचे सांगितले गेले. ओझे कोणाचे कमी झाले, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. कर्ता सांगितला तर कोवळ्या मनात जात शिरेल, सवर्ण मुलाला अपराधी वाटेल, द्वेष वाढेल. हा आक्षेप घेणाऱ्यांत प्रामाणिक शिक्षकही आहेत, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. जात मुलाच्या मनात पाठ्यपुस्तकातून शिरत नाही. आडनावातून, आळीतून, आजीच्या बोलण्यातून ती आधीच शिरलेली असते. शाळेने गप्प बसायचे ठरवले म्हणजे ती तशीच राहू द्यायचे ठरवले. दुसरे असे, की कर्ता म्हणजे केवळ जुलूम करणारा नव्हे. १८६८ साली आपल्या घराचा हौद अस्पृश्यांना खुला करणारे जोतीराव आणि सावित्रीबाई हेही कर्तेच. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सरकारी शाळांत घेण्याचा हुकूम काढणारे शाहू छत्रपती हेही कर्तेच. जुलमाचा कर्ता झाकला की समतेचा कर्ताही निस्तेज होतो. त्याने कोणाविरुद्ध आणि काय पणाला लावून ते केले, हे मग समजत नाही. सवर्ण मुलाला आपण यांपैकी कोण व्हायचे हे निवडण्याची संधी तेव्हाच मिळते, जेव्हा दोघेही त्याला नावानिशी दिसतात.

आणि हा व्याकरणाचा काथ्याकूट नाही. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खर्डा या गावी २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याला शाळेच्या आवारातून मारत नेले गेले आणि त्याचा खून झाला. खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले. शाळेशी संबंधित साक्षीदारही त्यांत होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींची निर्दोष सुटका केली. माझे वरचे वाक्य पुन्हा वाचा. मारत नेले गेले, खून झाला. मलाही तिथे कर्ता लिहिता येत नाही, कारण साक्षीच्या पिंजऱ्यात तो कोणी उच्चारला नाही. या साक्षीदारांनीही कधीतरी शाळेत समता, बंधुता हे शब्द पाठ केलेच असतील. ज्या समाजाला लहानपणापासून कर्ता गाळून बोलण्याची सवय लावली जाते, त्या समाजाच्या साक्षीतूनही तो गळतो. लोकशाही मूल्यांच्या शिक्षणाची खरी परीक्षा गुणपत्रिकेवर होत नसते. ती अशा दिवशी होते.

हीच कसोटी आपण स्वतःलाही लावली पाहिजे. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये गावाचा जुलूम मांडला, तसा आपल्याच घरातला सुनांचा छळही मांडला, आणि तो करणारे हात आपलेच आहेत हे सांगितले. आपल्या वस्तीतल्या मुलीला मानवी हक्क शिकवताना हा कर्ता आपण सांगणार की तिथे आपलेही वाक्य एकाएकी कर्मणी होणार? जो आपल्या घरचा कर्ता लपवतो त्याला दुसऱ्याचा विचारण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.

२६ जानेवारी २०२० पासून महाराष्ट्रातल्या शाळांत प्रास्ताविकेचे सामूहिक वाचन सुरू करण्याचा आदेश निघाला. प्रास्ताविकेची सुरुवातच 'आम्ही' या कर्त्याने होते, म्हणून तिचे वाचन झालेच पाहिजे. पण प्रास्ताविका वाचवून घेणाऱ्या याच राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलला आणि सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खाजगी शाळांना वंचित मुलांच्या पंचवीस टक्के प्रवेशातून सूट दिली. जुलैमध्ये उच्च न्यायालयाला तो बदल रद्द करावा लागला. 'आम्ही' मध्ये कोण येतो आणि कोणाला बाहेर ठेवायचे, हे ठरवणारे हात असे काम करीत असतात. शिक्षकाने हे उदाहरण त्याच आठवड्यात वर्गात मांडले असते, तर चौदावा अनुच्छेद वेगळा शिकवावा लागला नसता.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नवे पुस्तक येईल तेव्हा येईल. तोपर्यंत प्रत्येक शिक्षकाने नागरिकशास्त्राच्या पाठातले कर्ता नसलेले वाक्य फळ्यावर लिहावे आणि मुलांना 'कडून' ची रिकामी जागा भरायला सांगावे. शाळेत झाडू कोणाकडून मारून घेतला जातो, पाण्याची घागर कोणाकडून भरून घेतली जाते, शिष्यवृत्तीची यादी वाचताना जात कोणाकडून मोठ्याने उच्चारली जाते, इथपर्यंत ही रिकामी जागा नेता येते. या उत्तरांना गुण मिळणार नाहीत, आणि काही शिक्षकांना त्याची किंमतही मोजावी लागेल. पण राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता या ज्या विसंगतीचा इशारा डॉ. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला, ती विसंगती मुलाला प्रथम भेटते ती शाळेतच. तिथे तिचे नाव घ्यायला जो शिकला नाही, तो पुढे नागरिक झाला तरी साक्षीदार होणार नाही.