'कासव' : पाहावा आणि पुढे बोलावे

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'कासव'ला 2016 सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. नैराश्याने खचलेल्या एका अनोळखी तरुणाला जानकी आपल्या घरी ठेवून घेते आणि कासवाच्या पिलांना जपावे तसे, लांबूनच जपते. उपदेश न करता सोबत कशी करावी, हे इतक्या संयमाने दाखविणारे चित्रपट थोडे. वरच्या वर्गांना तो जरूर दाखवावा.

पण शिवडीच्या चाळीतली मुले तो पाहतील, तेव्हा एक प्रश्न उरेल. कोविडनंतर घरातला कमावता माणूस झोपेनासा, बोलेनासा झाला, तर त्याने कुठे जावे? हा मनाचा दुबळेपणा नव्हे. विषाणूशी लढताना शरीरात सुटणारी रसायने मेंदूवरही परिणाम करतात. 2021 सालच्या एका मोठ्या अभ्यासात कोविड झालेल्यांपैकी सुमारे 17 टक्के लोकांत सहा महिन्यांच्या आत चिंताविकाराचे निदान नोंदले गेले. परळचे के. ई. एम. रुग्णालय शिवडीहून जवळ आहे, तेथे मानसोपचार विभागही आहे. परंतु एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी. शिवाय आजार लपवायची रीत क्षयरोग रुग्णालयाच्या या परिसराने पूर्वीपासून पाहिली आहे.

चित्रपटात मदत योगायोगाने येते, ही त्याची उणीव. जानकी प्रत्येकाला वाटेत भेटत नाही. म्हणून चित्रपट संपल्यावर शिक्षकांनी 'टेली-मानस'चा 14416 हा विनामूल्य क्रमांक फळ्यावर लिहावा आणि तापानंतरच्या उदासीविषयी मुलांशी मोकळेपणी बोलावे.