टायटनचे सागर आणि आमची विशेषणे

आमच्या विज्ञानविषयक ललित लेखनाबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. शनीच्या टायटन या उपग्रहावर द्रवरूप मिथेनचे सागर आहेत, एवढे सांगून लेखक थांबत नाही. लागलीच तो लाटा उसळवतो, गर्जना ऐकवतो. सागर म्हटला की कोकणपट्टीची सारी विशेषणे न बोलावता हजर! नावे ठेवणाऱ्यांनीही त्याला हातभार लावला आहे, म्हणा. तेथल्या सर्वांत मोठ्या सागराला त्यांनी क्राकेन या नॉर्वेकडील दंतकथेतल्या अजस्र जलचराचे नाव दिले.

प्रत्यक्षात 2013 साली कॅसिनी यानाच्या रडारला लायजिया सागराचा पृष्ठभाग मिलिमीटरच्या हिशेबात सपाट आढळला. खोली मात्र सुमारे 160 मीटर. तापमान शून्याखाली 179 अंश. आपल्या गोबरगॅसमधला मुख्य वायू तो हाच मिथेन. तेथे त्याचाच पाऊस पडतो, आणि पाण्याचा बर्फ त्यात तरंगत नाही, बुडतो. एवढे नवल हाताशी असता उसन्या लाटा कशाला? माझा आक्षेप शास्त्राचा नाही, वाङ्मयाचा आहे. हा कल्पनाशक्तीचा आळस आहे.

आम्हा सोलापूरकरांना पाणी ठाऊक ते सिद्धेश्वराच्या तलावाचे, हिप्परग्याच्या एकरुख तलावाचे: संथ, पावसावर जगणारे, उन्हाळ्यात काठ सोडून आत सरकणारे. संथ, निवांत, ओसरलेले, आटलेले ही आमची विशेषणे लायजियाला अधिक शोभतील. टायटनवर कोरडी पडलेली तळीही आहेत. त्यांतल्या एकाला कच्छच्या रणाचे नाव दिले आहे; ते मात्र मला चोख वाटते.