यंत्राचें वय आणि पाठाचें वय

विमान-वाहतूक-नियंत्रणाच्या मेनफ्रेम संगणकांचे जे इतिहास आमच्या पाहण्यांत आले, त्यांत एक मूळचाच दोष आहे. अमुक सालीं अमुक यंत्र बसलें, पुढें तें काढून दुसरें आणलें, एवढ्या यादीसच इतिहास म्हटलें आहे. १९२७ पासून ज्या धुळ्यांत राजवाडे संशोधन मंडळ आहे, तेथील अभ्यासकांस हा दोष सांगावयास नको. पोथीचा कागद नवा म्हणून ग्रंथ नवा ठरत नाहीं.

येथें नेमकें तेंच घडलें. आय.बी.एम. कंपनीनें १९६४ सालीं सिस्टिम/३६० ही यंत्रमाला जाहीर केली. तिच्याच घटकांपासून अमेरिकेंतील मार्गनियंत्रण-केंद्रांकरितां ९०२० हा यंत्रसमूह सिद्ध झाला. विमानाची ओळख, मार्ग, उंची व वेळ दाखविणाऱ्या कागदी पट्ट्या छापणें हें त्याचें एक प्रमुख काम. नियंत्रक त्यांवर पुढील फेरफार हातानें नोंदवीत. १९८० नंतरच्या दशकांत वीस केंद्रांत ९०२० च्या जागीं ३०८३ हें यंत्र आलें. यादीकार येथून नवें युग धरतात. परंतु आज्ञावली बव्हंशीं जुनीच नव्या यंत्रावर चढविली होती. १९९९ च्या सुमारास यंत्र पुन्हां बदललें, तरी ती टिकली. तिच्या जागीं एरॅम ही नवी प्रणाली सर्व केंद्रांत पोंचली ती २०१५ सालीं. म्हणजे कागद तीन, पाठ एक. मात्र त्यांत प्रक्षेप पुष्कळ.

यादी निरुपयोगी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. यंत्र अपुरें पडलें म्हणून बदललें, हेंही तीवरूनच कळतें. पण पाठ कां राखला, हें ती सांगत नाहीं. आकाशांतील वाहतूक थांबवून नवा पाठ तपासतां येत नाहीं, आणि एक चूक शेंकडों प्राणांवर बेतते. वैदिकांनीं अक्षर राखलें श्रद्धेनें; येथें तें राखलें सावधगिरीनें.

जळगांव-धुळ्यावरील आकाश मुंबईच्या उड्डाण-माहिती-क्षेत्रांत मोडतें. त्याचा इतिहास उद्यां कोणी लिहूं म्हणेल, तर यंत्रांची कपाटें पाहून भागणार नाहीं. आज्ञावलीच्या छापील प्रती, दुरुस्तीचे हुकूम व हस्ताक्षरांच्या पट्ट्या हेंच त्याचें अस्सल दप्तर होय. अनेक ठिकाणीं कागदी पट्टीची जागा पडदा घेत आहे. संग्राहकांनीं हें दप्तर रद्दींत जाण्यापूर्वीं हस्तगत करावें. मागाहून हळहळण्याचा अनुभव मोडीच्या रुमालांनीं आपणांस पुरेसा दिला आहे.