चाबूक नव्हे, वजनकाटा

‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’ हा २०१३चा सिनेमा पाहिला असेल, तर तुम्हाला चाबूक आठवत असेल. सॉलोमन नॉर्थपचं १८५३चं मूळ पुस्तक वाचल्यावर माझ्या डोक्यात राहिला तो वजनकाटा. लुइझियानातल्या मळ्यावर रोज रात्री प्रत्येकाने वेचलेला कापूस तोलला जाई. दिवसाला २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलो, ही अपेक्षा. कमी भरला तर फटके. जास्त भरला तर बहुतेकदा उद्यापासून तेवढाच वेचायचा. नॉर्थप हे हिशेब मांडावा तसं सांगतो, आणि म्हणूनच ते जास्त टोचतं.

न्यूयॉर्क राज्यातल्या या स्वतंत्र माणसाला १८४१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये पळवून विकलं गेलं. लुइझियाना अमेरिकेने १८०३ मध्येच फ्रान्सकडून विकत घेतला होता, तिथल्या मूळ रहिवाशांना न विचारता. देश पसरला, कापूस वाढला, तसे राबणारे हात विकत घेतले गेले. पुस्तकात जंगलातले आदिवासी मात्र काही परिच्छेदांपुरतेच येतात, तेही नवलाई म्हणून. ही त्याची मर्यादा मला खटकते.

तरी हा हिशेबी सूर का, हे शेवटी कळतं. सुटकेनंतर नॉर्थपने गुलामांच्या व्यापाऱ्याला वॉशिंग्टनच्या कोर्टात खेचलं. पण तिथे गोऱ्याविरुद्ध काळ्याची साक्ष चालत नव्हती. व्यापारी सुटला. कोर्टाने न ऐकलेली साक्ष त्याच वर्षी पुस्तक म्हणून छापली गेली. ती तशीच वाचायला हवी.