आलेख जुळला म्हणजे कण सापडला का?

तेजोमेघातली धूळ तीन प्रकारे उजळते. ती ताऱ्याचा प्रकाश विखुरते, तापून अवरक्त किरण सोडते किंवा अतिनील प्रकाश शोषून लाल प्रकाश देते. हा तिसरा प्रकार ट्यूबलाइटच्या आतल्या पावडरीसारखा. १९८० मध्ये श्मिट, कोहेन आणि मार्गन यांनी 'रेड रेक्टँगल' तेजोमेघात असा रुंद लाल पट्टा नोंदवला. त्यालाच एक्स्टेंडेड रेड एमिशन, थोडक्यात ईआरई, म्हणतात. तो कोणत्या कणांमुळे दिसतो, यावर अजून एकमत नाही.

१९९६ मध्ये फ्रेड हॉईल (आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू) आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी सुचवलं की हा प्रकाश हरितद्रव्यासारख्या जैविक रंगद्रव्यांचा असावा. कल्पना मोहात पाडणारी आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत हिरव्या पानांना काय तोटा! एखादं कोवळं पान स्पिरिटमध्ये कुटा, गाळा आणि अंधारात नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च मारा. हिरवं पाणी लाल दिसेल.

पण इथेच थांबायचं नाही. हरितद्रव्याचा लाल प्रकाश ६८० नॅनोमीटरच्या आसपास असतो. ईआरईचं शिखर मात्र तेजोमेघागणिक सरकतं, साधारण ६०० ते ८०० नॅनोमीटरमध्ये. रंगद्रव्यांचं मिश्रण धरलं तर हेही जुळवता येतं. पण पुरेसे घटक मिसळले की कुठलाही आलेख जुळतो. मग त्या जुळण्याला पुरावा कसं म्हणायचं?

खरी कसोटी उत्तेजनाची आहे. २००६ मध्ये विट आणि सहकाऱ्यांनी एनजीसी ७०२३ चा अभ्यास करून दाखवलं की ईआरईला १०.५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वरचे फोटॉन लागतात. हरितद्रव्याला तर निळा प्रकाशही पुरतो, म्हणजे जेमतेम ३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट.

सिलिकॉनच्या सूक्ष्मकणांचंही असंच झालं. लाल प्रकाश छान जुळत होता. २००२ मध्ये ली आणि ड्रेन यांनी विचारलं, हे ऑक्साइडचं कवच असलेले कण तेजोमेघात सुटे फिरत असतील तर २० मायक्रोमीटरजवळ ठळक पट्टा दिसायला हवा, तो कुठे आहे? एनजीसी २०२३ मध्ये तो दिसला नाही.

पीएचडीच्या मुलाखतीला जाताना हे लक्षात ठेवा. पेपरातला जुळलेला आलेख ही फक्त सुरुवात. हा कण खरा असेल तर आणखी काय दिसायला हवं, हे लेखकांनी तपासलंय का ते बघा. नसेल तपासलं, तर तुमचा प्रश्न तिथेच आहे. नाव कितीही मोठं असो, तो विचारायला कचरू नका.