उपजीविकेचे मापन आणि खाजनाचा बांध

रॉबर्ट चेंबर्स व गॉर्डन कॉनवे यांनी १९९२ साली केलेल्या शाश्वत उपजीविकेच्या व्याख्येत आघातातून सावरण्याच्या सामर्थ्यास महत्त्वाचे स्थान होते. पुढे रूढ झालेल्या मापनपद्धतीने मानवी, सामाजिक, नैसर्गिक, भौतिक व वित्तीय अशा पाच भांडवलांची मोजदाद बहुधा कुटुंबवार केली. गोव्याच्या खाजनभूमीत ती अपुरी पडते. तेथे भरतीचे खारे पाणी बांध व मानशीची दारे अडवितात. बांध फुटला म्हणजे सधन व निर्धन दोघांचीही भातशेते खारावतात. सामाजिक भांडवलाच्या सदरात हे येते, असा प्रतिवाद होईल. परंतु संस्थेचे सभासदत्व मोजल्याने बांधाची डागडुजी मोजली जात नाही. सबब विकासाचे अग्रक्रम ठरविताना, कुटुंबांच्या गुणांकांची सरासरी काढण्यापूर्वी, बांधाची निगा कोण व किती नियमितपणे राखतो हे पाहणे अगत्याचे ठरते.