पणिक्करांचे जलरंग आणि युद्धकाळातील शांतता

१९४२ च्या एप्रिलमध्ये जपानी आक्रमणाच्या धास्तीने हजारो नागरिक मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, सोडून गेले. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लक्षावधी माणसांचा बळी घेतला. त्याच काळात, मद्रासच्या कलाविद्यालयात देवीप्रसाद रॉयचौधरींच्या हाताखाली शिकून तेथेच अध्यापक झालेले के. सी. एस. पणिक्कर केरळातील कालवे, माडांच्या राया, पाण्याकाठची वस्ती आणि संथ होड्या जलरंगांत रंगवीत होते. चित्तप्रसाद व झैनुल आबेदिन काळ्या शाईने भूक रेखाटीत असता ही शांतता म्हणजे पलायनच नव्हे काय, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो सहज झटकून टाकण्याजोगा नाही.

तथापि विषयावरून चित्राची किंमत ठरविण्यापूर्वी माध्यमाचा स्वभाव ध्यानी घेतला पाहिजे. पारदर्शक जलरंगात प्रकाश मागाहून वर चढविता येत नाही. कागदाचा शुभ्रपणा अलिप्त ठेवूनच तो राखावा लागतो. काय रंगवावयाचे याच्याआधी काय सोडावयाचे, हा निर्णय चित्रकाराला घ्यावा लागतो. नाशिकच्या गोदाघाटाची जलरंगचित्रे पाहत आलेल्या मराठी रसिकाला ही कसोटी परिचित आहे. घाटावर ऊन दगडी पायऱ्यांवर उघडे पडते. माडांच्या छायेतील पाण्यावर ते गाळून येते, आणि म्हणून ते राखणे अधिक अवघड. पणिक्करांच्या चित्रांतील शांततेला या राखणीचा संयम आहे. तिला बेफिकिरी म्हणणे अन्यायाचे होईल.

परंतु या शांततेची मर्यादाही मान्य केली पाहिजे. येथे माणूस बहुधा दृश्याचा एक अंश म्हणून येतो. त्याचे सुखदुःख पाण्यावर उमटत नाही. ही उणीव खुद्द पणिक्करांनाही जाणवली असावी, असे त्यांच्या पुढील वाटचालीवरून वाटते. १९४४ मध्ये त्यांनी मद्रासला प्रोग्रेसिव्ह पेंटर्स असोसिएशनची स्थापना केली. पन्नाशीच्या दशकात मानवाकृती त्यांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी आल्या. आणि १९६३ पासूनच्या ‘शब्द आणि प्रतीके’ या मालिकेत निसर्गदृश्य जवळजवळ विरून गेले.

म्हणून युद्धकाळातील ही चित्रे त्या काळाला दिलेले उत्तर ठरत नाहीत. संहाराच्या दिवसांत काय गमावण्याची भीती होती, याची मात्र ती निष्ठावंत साक्ष देतात.